अर्धा लिटर पेट्रोल, बारा सेकंद आणि एकच ब्रेक

लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस पाहताना एक गोष्ट दर वेळी जाणवते. दिवा हिरवा होतो, दोन गाड्या सुटतात, आवाज छातीत घुमतो आणि बारा-तेरा सेकंदांत सगळ्यांच्या माना वेळ दाखवणाऱ्या बोर्डाकडे वळतात. टाळ्या, शिट्ट्या, मोबाईल वर. त्याच क्षणी ती गाडी ताशी १८० किलोमीटरच्या पुढे अंतिम रेषा ओलांडून गेलेली असते आणि आतल्या माणसाचं सर्वांत जोखमीचं काम तिथून सुरू होतं. आता तिला थांबवायचं असतं.

रीलमध्ये हा भाग कापलेला असतो. त्यामुळे गॅरेजात आलेल्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, किती एचपी निघेल?" त्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत असं मला मनापासून वाटतं. एवढ्या ताकदीला लागणारं पेट्रोल इंजिनापर्यंत पोचेल का? आणि एवढा वेग उतरवायची सोय गाडीत आहे का? गंमत अशी की वरवर अगदी वेगळ्या वाटणाऱ्या या दोन प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण आहे. काम फार मोठं नसतं, पण ते फार थोड्या वेळात उरकायचं असतं.

खेळ नेमका काय आहे

ड्रॅग रेस म्हणजे सरळ रस्त्यावर उभ्या गाडीपासून सुरुवात करून ठरलेलं अंतर कमीत कमी वेळात कापणं. वळणं नाहीत, फेऱ्या नाहीत. मूळ अंतर पाव मैल, म्हणजे साधारण ४०२ मीटर. खेळ अमेरिकेतला. महायुद्धानंतर तिथली तरुण मंडळी जुन्या गाड्या ठोकून-पिटून रस्त्यांवर आणि ओस पडलेल्या धावपट्ट्यांवर पळवायची. त्याला शिस्त यावी, माणसं मरू नयेत, म्हणून वॉली पार्क्स यांनी १९५१मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए ही संस्था सुरू केली. आज जगभर ड्रॅग गाड्यांच्या सुरक्षेची चर्चा होते ती बहुतेक याच संस्थेच्या नियमांचा आधार घेऊन.

पुढचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून एक गाडी डोळ्यासमोर ठेवू. चार सिलिंडरची, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) लावलेली, ४०० एचपीपर्यंत नेलेली, चालकासकट वजन १४०० किलो. पाव मैल बारा सेकंदांत, शेवटचा वेग ताशी १८५ किलोमीटर.

अर्धा लिटर पुरतो, मग मोठा पंप कशाला?

अशा टर्बो इंजिनाला पूर्ण ताकदीवर तासाला साधारण १४५ ते १५० लिटर पेट्रोल लागतं. बारा सेकंदांचा हिशेब केला तर जेमतेम अर्धा लिटर. पाण्याच्या छोट्या बाटलीएवढं! इथेच माणसं फसतात. एवढ्याशा पेट्रोलसाठी पंप, इंजेक्टर, नळ्या बदलायचा खर्च कशाला, असं त्यांना वाटतं.

सोसायटीतली सकाळ आठवा. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली आहे. तरी सात वाजता सगळ्या फ्लॅटमधले नळ एकदम सुटले की वरच्या मजल्यावरच्या शॉवरची धार करंगळीएवढी होते. पाणी कमी नाही, पाइप तेवढं पाणी एका वेळी देऊ शकत नाही. गाडीत अगदी हेच होतं. हायवेवर ताशी ९० किलोमीटरने, लिटरला १५चं अ‍ॅव्हरेज देत चाललेली गाडी तासाला सहा लिटर पेट्रोल पिते. तीच यंत्रणा ड्रॅगच्या वेळी चोवीस-पंचवीस पट वेगाने पेट्रोल ओतायला सांगितली जाते. कारखान्याने बसवलेला पंप मूळ इंजिनाला पुरून थोडा उरेल इतपतच असतो. ताकद दुप्पट केली की तो शिल्लक हिशेब संपतो.

इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणारी, विजेवर उघडझाप करणारी तोटी. त्याची क्षमता मिनिटाला किती सीसी यात सांगतात. आपल्या गाडीला मिनिटाला २४५० सीसी लागतात, चार इंजेक्टर, म्हणजे प्रत्येकी ६१२. पण इंजेक्टर सतत उघडा ठेवून चालत नाही. तो ८० टक्के वेळ उघडा राहील एवढंच धरायचं, नाहीतर तो तापतो आणि फवाऱ्यावरचा ताबा जातो. म्हणजे प्रत्येकी ७६५ सीसी. गॅरेजवाला "आठशेचे टाका" म्हणतो तेव्हा त्यामागे हा साधा भागाकार असतो.

टर्बो गाडीत आणखी एक गाठ आहे. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो आणि ती दाबलेली हवा इंजेक्टरच्या तोंडावर उलटा रेटा देते. दाराला आतून कोणी ढकलत असेल तर बाहेरून तेवढाच जास्त जोर लावावा लागतो, तसं. म्हणून चांगला रेग्युलेटर, म्हणजे पेट्रोलचा दाब राखणारा व्हॉल्व्ह, टर्बोचा दाब जेवढा वाढेल तेवढाच पेट्रोलचा दाबही वाढवतो. बार हे दाबाचं माप, आणि टर्बोने वाढवलेला हवेचा दाब म्हणजे बूस्ट. तीन बारवर चालणारी लाइन दीड बार बूस्टला साडेचार बारवर जाते. आणि दाब वाढला की पंपातून येणारं पेट्रोल कमी होतं! पंपाच्या खोक्यावर तासाला २५५ लिटर लिहिलेलं असतं, ते कमी दाबाला. साडेचार बारला तो किती देतो हे सोबतच्या आलेखात पाहूनच पंप निवडायचा.

हे सगळं सिलिंडरच्या आधी पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांबद्दल. फोक्सवॅगन-स्कोडाच्या टीएसआयसारख्या, थेट सिलिंडरमध्ये फवारा मारणाऱ्या इंजिनात टाकीतल्या पंपापुढे आणखी एक फार मोठ्या दाबाचा पंप असतो. तिथे बहुतेक वेळा आधी तोच कमी पडतो, त्यामुळे नुसता टाकीतला पंप बदलून काम भागत नाही.

पंप नवा, तरी पेट्रोल कमी

पुण्यातल्या एका मित्राच्या गाडीचं काम चालू असताना मी दिवसभर गॅरेजात बसलो होतो. नवा मोठा पंप टाकलेला, तरी चौथ्या गिअरला पेट्रोलचा दाब खाली यायचा. मित्र म्हणाला, पंप डुप्लिकेट लागला. मिस्त्रीने काही न बोलता टाकीकडे परत येणारी नळी सोडवली, तिचं तोंड खुणा केलेल्या कॅनमध्ये धरलं, रेग्युलेटर हव्या त्या दाबाला लावला, एका पोराला अग्निशामक हातात देऊन शेजारी उभं केलं आणि बरोबर तीस सेकंद पंप चालवला. कॅनमध्ये सव्वा लिटर यायला हवं होतं. आलं ९०० मिली.

मग त्याने मल्टिमीटर काढला. बॅटरीवर १३.२ व्होल्ट. पंपाच्या कनेक्टरवर ११.१. दोन व्होल्ट वाटेतच, पंधरा वर्षं जुन्या बारीक वायरीत आणि गंजलेल्या अर्थिंगच्या बोल्टखाली, हरवत होते. पंप म्हणजे शेवटी मोटर. व्होल्टेज पडलं की ती मंदावते, आपल्या घरचा पंखा मंदावतो तशी. बॅटरीपासून थेट जाड वायर, मध्ये फ्यूज आणि रिले (विजेवर चालणारा खटका), अर्थिंग घासून नवं. कनेक्टरवर १२.९. पुन्हा तीस सेकंद, कॅन सव्वा लिटरच्या खुणेच्या थोडा वर. पंप तोच.

म्हणून पार्ट मागवायच्या आधी ही चाचणी करा, असं मी ज्याला त्याला सांगतो. फक्त ती उघड्यावर, आग विझवायची सोय हाताशी ठेवून, सवयीच्या मिस्त्रीकडूनच.

पेट्रोल थोडं कमी पडलं तर काय, ताकदच कमी होईल ना?

तेवढंच झालं असतं तर बरं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पूर्ण ताकदीवर मात्र मुद्दाम जास्त पेट्रोल देतात, टर्बो गाडीत साडेअकरा-बारा किलो हवेला एक किलो. हे जादा पेट्रोल वाफ होताना उष्णता खेचून घेतं आणि सिलिंडर थंड ठेवतं. घाम वाळताना अंग गार पडतं तेच तत्त्व.

दाब पडला की हे जादा पेट्रोल सर्वांत आधी नाहीसं होतं. मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी होतं, सिलिंडर तापतो आणि ठिणगीने पेटवायच्या वेळेबाहेर मिश्रण आपोआप भडकायला लागतं. खणखणीत टकटक ऐकू येते, ती हीच. हेल्मेट घालून, पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर तळाला असताना, ती ऐकू येत नाही. पिस्टनला भोक पडायला काही सेकंद पुरतात. आणि हे घडतं ते रेषेच्या जवळ, वेग सर्वाधिक असताना. फुटलेल्या इंजिनाचं तेल चाकांखाली सांडतं ते तिथेच. म्हणजे पेट्रोलची यंत्रणा कमकुवत ठेवणं ही शेवटी ब्रेकचीच अडचण होऊन बसते.

टाकीत पेट्रोल आहे, पंपाला दिसत नाही

बस एकदम सुटली की उभे प्रवासी मागे कलंडतात. टाकीतलं पेट्रोलही तसंच मागच्या भिंतीवर चढतं. पंपाचं तोंड पुढच्या बाजूला असेल आणि टाकी अर्धी असेल तर दोन क्षण पंप नुसती हवा ओढतो. वजन वाचवायला टाकी रिकामी ठेवणारे इथे फसतात. उपाय सोपे आहेत: पेट्रोल मागच्या बाजूने उचलायचं, टाकीत आडव्या पट्ट्या घालायच्या किंवा सतत भरलेली राहील अशी दोन-तीन लिटरची छोटी टाकी मध्ये बसवायची. डब्यातलं तेल वाटीत काढून ठेवतो, तशी.

इथेनॉलचं काय?

२०२५मध्ये देशभरातल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं आणि घराघरात त्यावर वाद झडले. आपल्या उसाच्या पट्ट्यातून त्यातलं बरंच इथेनॉल येत असल्याने तर महाराष्ट्रात जास्तच. रेसवाल्यांच्या अड्ड्यावर मात्र उलट प्रश्न येतो: परदेशातले ड्रॅगवाले मुद्दाम ८५ टक्के इथेनॉल वापरतात, मग आपल्याला फायदाच नाही का?

इथेनॉल लवकर टकटक करत नाही आणि सिलिंडर जास्त थंड ठेवतं, हे खरं. पण एक किलो इथेनॉलला फक्त ९ किलो हवा लागते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. ई-८५ला साधारण ४० टक्के जास्त, आणि ई-२०लासुद्धा सात-आठ टक्के. आपल्या गाडीचा १४७ लिटरचा हिशेब तिथे १५८च्या आसपास जातो. जुन्या, शुद्ध पेट्रोलवर बसवलेल्या मापात इंजेक्टर ८० टक्क्यांवर चालत असतील तर ई-२० भरताच शिल्लक संपत येते. त्यात इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या, सील फुगवतं किंवा चिरवतं. इंधनाच्या सगळ्या नळ्या त्याला चालतील अशाच हव्यात.

हाच धागा शेवटपर्यंत ताणला की टॉप फ्यूएल, म्हणजे ड्रॅग रेसच्या सर्वांत वेगवान वर्गातल्या गाड्या दिसतात. त्या ९० टक्के नायट्रोमिथेन या रेसच्या खास इंधनावर चालतात. त्याला एका किलोला जेमतेम १.७ किलो हवा पुरते. म्हणून तेवढ्याच हवेत पेट्रोलच्या आठ-नऊ पट इंधन कोंबता येतं आणि ८.२ लिटरच्या इंजिनातून ११,००० एचपीच्या आसपास ताकद निघते.

आता ब्रेक: आठ सेकंदांत सहा लिटर पाणी उकळायचं

ब्रेक गाडीची गती उष्णतेत बदलतो, बाकी काही नाही. ताशी १८५ने धावणाऱ्या १४०० किलोच्या गाडीत एवढी ऊर्जा असते की घरातल्या साध्या तापमानाचं सहा लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापेल. गॅसवर त्याला वीस मिनिटं तरी जातील. गाडीला ते आठ सेकंदांत करायचं असतं. दोन किलोवॉटचे शंभराहून जास्त गीझर एकदम चालू केल्यासारखं! हवेचा अडथळा यातला थोडा वाटा उचलतो, बाकी सगळं चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर आणि तिला आवळणाऱ्या पॅडवर.

वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. शंभरवरून थांबण्याच्या तुलनेत १८५वरून थांबताना जवळजवळ साडेतीन पट उष्णता. रस्त्यावर ब्रेक "एकदम मस्त" लागतात यावरून धावपट्टीचा अंदाज बांधू नये, तो याचमुळे.

वजन कमी करायच्या नादात पातळ, भोकं पाडलेल्या डिस्क बसवतात. चारही डिस्क मिळून २८ किलो लोखंड असेल तर ही सगळी उष्णता त्याला साधारण १४५ अंशांनी तापवेल. १४ किलो असेल तर २९० अंशांनी. एका फेरीला हलकी डिस्क हे सोसते, कारण पुढच्या फेरीपर्यंत ती निवायला वेळ मिळतो. पण त्याच गाडीने तुम्ही खंडाळ्याचा घाट उतरणार असाल तर ती डिस्क बसवू नका. कृपा करून नका.

रेसचे पॅड लावले की झालं ना?

ही सर्वांत महागडी चूक. सर्किटवरच्या रेसचे पॅड तापल्यावरच पकडतात. तिथे प्रत्येक वळणाला ब्रेक लागतो, ते कायम तापलेले असतात. ड्रॅग गाडीचा ब्रेक रेषेपर्यंत गार असतो आणि पहिल्याच दाबाला त्याला पूर्ण पकड द्यायची असते. दुसरी संधी नाही. तिथे ते महागडे पॅड पहिले दोन-तीन सेकंद लाकडासारखे घसरतात, आणि तेवढ्यात शंभर मीटर गेलेले असतात. ड्रॅगला गार असताना चावणारा पॅड हवा.

ब्रेक ऑइलचीही तीच काळजी. डॉट ३ प्रतीचं ऑइल ताजं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग १४०पर्यंत खाली येतं. डॉट ४चे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दबतो आणि पेडल स्पंजासारखं तळाला जातं. सिझनला एकदा ताजं ऑइल भरणं हा या सगळ्या यादीतला सर्वांत स्वस्त सुधार आहे. सिलिकॉनचं डॉट ५ मात्र टाळा. ते पाणी शोषत नाही, पण त्यात हवा अडकून राहते आणि पेडल मऊ पडतं.

मोठा मास्टर सिलिंडर म्हणजे जास्त ब्रेक?

पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा दट्ट्या ज्यात असतो तो मास्टर सिलिंडर. तो मोठा घेतला की ब्रेक जोरात लागतील असं वाटतं. होतं उलट. बारीक सिरिंजने औषध अंगठ्याच्या हलक्या दाबाने पिचकारीसारखं उडतं, जाड सिरिंजला ताकद लावावी लागते. २५.४ मिलिमीटरऐवजी २२.२ मिलिमीटरचा सिलिंडर घेतला तर त्याच पायाने सुमारे ३० टक्के जास्त दाब मिळतो. पेडल तेवढं जास्त खाली जातं, हा त्याचा मोबदला.

हे महत्त्वाचं होतं ते ब्रेक बूस्टर कामातून गेल्यावर. रस्त्यावरच्या पेट्रोल गाडीत इंजिन हवा खेचतं त्या ओढीवर (व्हॅक्यूमवर) बूस्टर पायाला मदत करतो. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणाऱ्या, चढ्या कॅमशाफ्टच्या रेस इंजिनात ही ओढ पुरेशी नसते. म्हणून बूस्टर काढून पेडलची तरफ लांब करतात, साधारण सहाला एक.

शेवटी गाडी थांबवतो टायर

कितीही मोठा कॅलिपर (पॅड डिस्कवर आवळणारा चिमटा) बसवा, रस्त्याला धरून ठेवतो तो टायर. अमेरिकी धाटणीच्या ड्रॅग गाडीत पुढचे टायर सायकलच्या चुलत भावासारखे बारीक आणि मागचे रुंद. तिथे मागच्या ब्रेकला नेहमीपेक्षा जास्त काम द्यावं लागतं, पण ते आधी लॉक झाले तर गाडी फिरते. पुढच्या-मागच्या दाबाचं प्रमाण ठरवणारा व्हॉल्व्ह असतो तो यासाठी. टॉप फ्यूएल ड्रॅगस्टरला तर पुढे ब्रेकच नसतात. मागे कार्बनच्या डिस्क आणि दोन पॅराशूट.

पॅराशूटची खुबी अशी की वेग जितका जास्त तितका त्याचा जोर वाढतो, म्हणजे ब्रेक जिथे सर्वांत जास्त भाजतो तिथेच ते उपयोगी. एनएचआरए ताशी १५० मैलांपुढच्या, म्हणजे २४१ किलोमीटरपुढच्या गाड्यांना ते सक्तीचं करते. पण त्यावरही सगळं सोडता येत नाही. २१ जून २००८ रोजी न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनला रेसर स्कॉट कलिटा यांच्या फनी कारचं (नायट्रोमिथेनवरच चालणारा, पण वरून नेहमीच्या गाडीसारखं कवच असलेला वर्ग) इंजिन रेषेजवळ फुटून पेटलं, पॅराशूटही जायबंदी झाले, गाडी थांबली नाही आणि त्यांचा जीव गेला. त्यानंतर एनएचआरएने टॉप फ्यूएल आणि फनी कारचं अंतर पाव मैलावरून १००० फुटांवर, म्हणजे सुमारे ३०५ मीटरवर आणलं. थांबायला जागा मिळावी, म्हणून शर्यतच आखूड केली.

रस्त्यावर चालेल का?

नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९नुसार परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणं गुन्हा आहे, आणि कलम ५२ गाडीत मनमानी फेरफार करू देत नाही. रात्रीच्या रिकाम्या रिंगरोडला अंतिम रेषेपुढची मोकळी जागा नसते. तिथे कोणाची तरी दुधाची गाडी असते.

धावपट्टीवर जाणाऱ्यांनी एक तपशील नक्की पाहावा. बॅटरी डिकीत हलवलेली असेल तर गाडीच्या मागच्या बाहेरच्या अंगाला सगळी वीज तोडणारा खटका हवा, आणि तो दाबल्यावर चालू इंजिनही बंद पडायला हवं. नुसती बॅटरी तोडली तर इंजिनावर फिरून वीज तयार करणारा अल्टरनेटर ती देत राहतो. पेटलेल्या गाडीत पेट्रोलचा पंप चालू राहणं याहून भयंकर काही नाही.

माझ्या त्या मित्राने नव्या वायरिंगनंतर पहिल्या फेरीत पूर्ण अंतर कापलंच नाही. निम्म्यावर थ्रॉटल सोडला, सरळ रेषेत ब्रेक दाबला, गाडी कुठल्या बाजूला ओढते का ते पाहिलं. परतीच्या वाटेवर हळू चालवत डिस्क निवू दिल्या आणि उभी केल्यावर हँडब्रेक ओढला नाही, चाकाला लाकडी ठोकळा लावला. तापलेल्या डिस्कवर पॅड आवळून ठेवला की त्याचा ठसा उमटतो आणि पुढच्या वेळी पेडल थरथरतं. मग लॅपटॉपवर त्या फेरीची नोंद उघडून चौघे त्यावर वाकलो. पेट्रोलच्या दाबाची रेघ बूस्टच्या रेघेबरोबर चढली होती आणि थ्रॉटल सोडेपर्यंत कुठेच खाली आली नव्हती. दुसऱ्या फेरीला तो रेषेपर्यंत गेला.